दूध उकळून किरणोत्सार जात नाही

प्रश्न : अणुभट्टीच्या अपघातातला धुरळा पडलाच, तर दूध, पालक, सांबार (कोथिंबीर) उकळून वापरता येईल का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सारी अणूंना उष्णतेने काहीच होत नाही. दूध आटवलंत तर ते उलट दाटच होतील. पालेभाजीवर धुरळा वरवर बसलेला असेपर्यंत वाहत्या पाण्याने धुऊन बराच निघतो. मुळांवाटे आत शिरला, की धुणं व्यर्थ.

खरी काळजी दुधाची. गाय दिवसभरात बऱ्याच जागेवरचं गवत खाते, त्यामुळे धुरळ्यातलं विरळ पसरलेलं किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, दुधात येतं आणि ते पिणाऱ्या मुलांच्या थायरॉइडमध्ये साठतं. १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला, तो मुख्यतः अशा दुधामुळे. म्हणून गुरं चरायला न सोडता आधीपासून झाकून ठेवलेलं कुटार, कडबा घालायचा, पाणीही झाकलेलं. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, ८० दिवसांत सुमारे हजारावा भाग उरतो. दुधाची पावडर करून ठेवली तर ते आपोआप सरतं.

धुरळ्यातलं दुसरं किरणोत्सारी द्रव्य म्हणजे सीझियम-१३७. त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. ते पाण्यात विरघळणारं, त्यामुळे ताकात राहतं, तुपात जवळजवळ उतरत नाही. शरीरात ते स्नायूंत पसरतं, पण मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण तीन महिन्यांत निम्मं बाहेर पडतं. तिसरं, स्ट्रॉन्शियम-९०, मात्र कॅल्शियमसारखं वागून हाडांत वर्षानुवर्षं बसतं. तपासणीआधी तूप काढून बघायचा उद्योग घरी करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न : अशा वेळी आयोडीनयुक्त मीठ जास्त खावं का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुळीच नको. थायरॉइड साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायला पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात. मोठ्यांसाठीच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम धरलं, तर साडेसहा किलो मीठ लागेल! गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. धुरळा येण्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या काही तासांत. उशीर झाला तर थायरॉइड आधीच किरणोत्सारी आयोडीनने भरलेली असते. सीझियमवर गोळीचा परिणाम शून्य. टिंक्चर आयोडीन तर पोटात घ्यायचंच नाही.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) संत्र्यांवर धरून तपासता येईल? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही. जपानमध्ये सर्वसाधारण अन्नाला किरणोत्सारी सीझियमची किलोमागे १०० बेकरेलची, म्हणजे सेकंदाला १०० अणू फुटण्याची, मर्यादा आहे. एवढं कमी प्रमाण आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारात बुडून जातं. शिशाच्या जाड आवरणात, बारीक केलेला नमुना ठेवून गॅमा वर्णपटमापकानेच (गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून किरणोत्सारी अणू ओळखणाऱ्या यंत्राने) ते मोजतात.