गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर ट्रॅकर लावणं गुन्हा ठरत नाही का?

तुम्ही लिहिलंय की वेगळं राहायला लागून चार महिने झाले, गाडी अजून नवऱ्याच्या नावावर आहे, ड्रायव्हरच्या सीटखाली एअरटॅग (अ‍ॅपलचा छोटा ट्रॅकर) सापडला आणि विचारल्यावर उत्तर आलं, "गाडी माझी, मी काहीही लावेन."

मी कौटुंबिक वादांची वकिली करते, हे वाक्य वरचेवर ऐकते. पंचाईत अशी की काही ठिकाणी त्यात तथ्य असतं. कॅलिफोर्नियात ट्रॅकर लावून दुसऱ्याचा ठावठिकाणा काढायला बंदी आहे, पण वाहनाच्या नोंदणीकृत मालकाची संमती असेल तर ते कलम लागतच नाही. पाठलागाचं कलम मात्र वेगळं. तिथे आरसी बुक कोणी विचारत नाही, सारखं मागे लागणं आणि धमकी बघतात.

जपानचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथल्या २००० सालच्या पाठलागविरोधी कायद्यात 'पाळत' म्हणजे घरासारख्या ठिकाणांच्या आसपास राहून ठेवलेली नजर. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात वेगळ्या राहणाऱ्या बायकोच्याच गाडीला जीपीएस लावलेलं होतं. न्यायालय म्हणालं, लांब बसून गाडी कुठे आहे हे बघणं म्हणजे 'पाळत' नव्हे. शेवटी २०२१ मध्ये कायदाच बदलावा लागला. आता संमतीशिवाय यंत्र लावणंही गुन्हा आणि त्यावरून ठावठिकाणा काढणंही.

भारतात न्याय संहितेचं कलम ७८ स्त्रीचा पाठलाग आणि तिच्या इंटरनेट, ईमेलवरची नजर धरतं. सीटखालच्या ट्रॅकरचा त्यात शब्दाने उल्लेख नाही, तो 'पाठलाग' या शब्दात बसवून दाखवावा लागतो.

आता कामाचं. रागाच्या भरात तो फेकू नका. आहे त्याच जागी फोटो काढा, मग फोन त्याच्या पांढऱ्या बाजूला टेकवा. सीरियल नंबर दिसेल, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पोलिसांनी रीतसर मागितलं की त्यावरून खातं कोणाचं ते शोधता येतं. बॅटरी काढलीत की त्याला पत्ता लागणं थांबेल, पण तुम्ही तो बंद केलात हेही त्याच्या लक्षात येऊ शकतं. भीती वाटत असेल तर आधी पोलिसांशी बोला, मग काढा.

आणि तक्रारीत 'गाडीत ट्रॅकर लावला' एवढंच लिहू नका, त्याने वाद मालकीवर जातो. 'मी कुठे जाते हे कळावं म्हणून लावला' असं लिहा, आणि खाली तो न सांगता कुठे कुठे येऊन उभा राहिला, ते तारीखवार.