तुमचा आवडता गेम स्टुडिओ कोणता आणि त्यांच्या पुढच्या रोल-प्लेइंग गेमची वाट का पाहताय?

लॅरियन. बेल्जियममधल्या घेंटचा स्टुडिओ, १९९६ साली स्वेन विंके यांनी सुरू केलेला. ‘कोणता’चं उत्तर झालं, ‘का’ला जरा वेळ लागेल.

त्यांच्या २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ या गेममध्ये मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पण ज्याला तुम्हीच मारलंय, त्याच्यावर मंत्र टाकलात तर तो तोंड उघडत नाही. मारेकऱ्याशी कशाला बोलेल? इथवर कुणालाही सुचेल. आता वेषांतराचा मंत्र वापरून दुसऱ्याच चेहऱ्याने त्याच्यापुढे उभे राहा. तोच पठ्ठ्या मुकाट उत्तरं देतो! आपल्याला वाटतं काय भन्नाट युक्ती काढली, आणि मग लक्षात येतं की हा चावटपणा त्यांनी आपल्याआधीच करून बघितलाय.

माझी कृतज्ञता नेमकी याबद्दल आहे. बाकीचे गेम खेळाडूला वळणावर ठेवायला बघतात, हे लोक त्याच्या आगाऊपणाची सोय करून ठेवतात.

हे काही त्यांना २०२३ मध्ये अचानक सुचलेलं नाही. त्यांच्याच डिव्हिनिटी मालिकेतल्या ओरिजिनल सिन २ (२०१७) मध्ये सांगाड्याचं पात्र घेऊन खेळता येतं. त्याला जखम बरी करणारं औषध पाजलं तर उलट इजा होते, विष पाजलं की तब्येत सुधारते. कुलूप उघडायला वेगळं अवजार लागत नाही, हाडाचं बोट पुरतं. मात्र गावात जाताना चेहरा झाकून जायचं, नाहीतर लोक किंचाळत सुटतात. एक नियम ठरवला की त्याचे सगळे परिणाम शेवटपर्यंत निभवायचे, हा त्यांचा हट्ट.

आणि हे सगळं सुखासुखी उभं राहिलेलं नाही. पहिला ओरिजिनल सिन बनत होता तेव्हा कंपनी बुडायच्या बेतात होती, असं विंके यांनीच नंतर सांगितलंय. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या साइटवर, ४ लाख डॉलर मागितले, चाहत्यांनी ९ लाखांच्या वर दिले. त्या पैशाची जाण त्यांनी ठेवली. पुढे त्या गेमची सुधारित आवृत्ती आली, ती पीसीवर आधीच्या ग्राहकांना फुकट मिळाली. दुसऱ्या भागाच्या वेळीही तेच. बाल्डर्स गेट ३ मध्ये पैसे टाकून वस्तू विकत घ्यायचं दुकान नाही, आणि एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) १२ नवे सबक्लास, म्हणजे पात्रांच्या पेशांचे उपप्रकार, आले तेही फुकटच.

दोषही आहेत की. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहरात पोहोचलं की इतक्या गोष्टी एकदम अंगावर येतात की मूळ कथा काय होती तेच विसरायला होतं. सामानाची थैली आवरणं हा तर वेगळाच गेम आहे.

आता वाट पाहण्याबद्दल. बाल्डर्स गेट ३ ला २०२३ चा सर्वोत्तम गेम ठरवलं गेलं (विंके बक्षीस घ्यायला चिलखत घालून मंचावर!). दुसरं कुणी असतं तर चौथा भाग लगेच हाती घेतला असता. यांनी मार्च २०२४ मध्ये जाहीर करून टाकलं की डीएलसी (गेमला नंतर जोडायची जादा कथा) नाही आणि पुढचा भागही आम्ही करणार नाही. ते जग शेवटी दुसऱ्याच्या मालकीचं, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर खेळायच्या गेममधलं. डिसेंबर २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये त्यांनी स्वतःच्या जगातला नवा गेम जाहीर केला, नाव नुसतं ‘डिव्हिनिटी’. मला तर फार आनंद झाला. डी अँड डीचे फासे आणि नियम छान आहेत, पण उधारीचे. पाण्यात वीज सोडणं, तेलाला आग लावणं, शत्रूला उचलून त्यात टाकणं, हा धुमाकूळ यांच्या घरच्या नियमांत जास्त रंगतो. बाल्डर्स गेटमध्ये कथा सांगायला आणि पात्रं जिवंत करायला जे शिकले, ते आता या धुमाकुळाला जोडून मिळणार, एवढीच माझी अपेक्षा. घोषणेत तारीख नव्हती, आणि मला घाईही नाही.

तोवर तुम्ही यांचं काही खेळला नसाल तर ओरिजिनल सिन २ पासून सुरुवात करा, सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो. सुरुवातीच्या मारामाऱ्यांत मार खाल, सगळेच खातात. सुरुवातीलाच लागणाऱ्या फोर्ट जॉयच्या किनाऱ्यावर तीन मगरी आहेत, त्यांच्याकडून टेलिपोर्टचे (कुणालाही जादूने उचलून दुसरीकडे टाकायचे) हातमोजे आधी मिळवा. मग कुणाला उचलून कुठे आपटायचं ते तुम्हीच ठरवा.