कॉम्प्युटर तुमचा, पैसे अकरा लग्नघरांचे

प्रश्न: मी फलटणचा, वय ३४. लग्नाचे फोटो काढतो. वर्षाला १९ च्या आसपास ऑर्डरी होतात, पॅकेज सरासरी ६० हजार. त्यातले निम्मे खर्चात जातात. स्टुडिओचं भाडं ८ हजार, कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता ९ हजार. पत्नी घरी असते, मुलगी चार वर्षांची. सध्याचा कॉम्प्युटर २०१८ चा आहे: आय-५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की हँग होतं, एक लग्न एक्स्पोर्ट करायला रात्र जाते. पुण्याच्या दुकानदाराने २ लाख ३५ हजारांचं कोटेशन दिलंय: आय-९, ६४ जीबी रॅम, मोठं ग्राफिक्स कार्ड, लिक्विड कूलर, २४ इंची गेमिंग मॉनिटर. रोखीने घेतल्यास २ लाख १८ हजार. तुळशीच्या लग्नानंतरच्या ११ ऑर्डरींचा ॲडव्हान्स मिळून खात्यात ३ लाख ३० हजार पडून आहेत. ते वापरू, बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, की पॉलिसीवर कर्ज काढू? (कॅमेऱ्याच्या कर्जाच्या वेळी बँकेने पॉलिसी दिली होती, हप्ता वर्षाला ६० हजार, चार भरले.) की मॅक मिनी घ्यावा? नवं मशीन आलं की वर्षाला ३० ऑर्डरी घेता येतील असं वाटतं. जुन्या सात पार्ट्यांकडून दीड लाख येणं आहे, पण ते अल्बम मिळाल्याशिवाय देणार नाहीत.

उत्तर: विचारलंत ते आधी उरकतो. एवढं मोठं मशीन तुम्हाला लागत नाही. ईएमआय नको, पॉलिसीवर कर्ज तर अजिबात नको. आणि खात्यातल्या ३ लाख ३० हजारांना हात लावू नका, कारण ते पैसे तुमचे नाहीत.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. एका लग्नात ६० हजारांतले ३० हजार बाहेर जातात: कँडिडवाला, व्हिडिओवाला, ड्रोन, गाडीचं डिझेल, करिझ्मा अल्बमची छपाई. ११ लग्नांचे झाले ३ लाख ३० हजार. खात्यात बरोबर तेवढेच आहेत. यात नवल काही नाही. ॲडव्हान्स निम्मा आणि खर्चही निम्मा असला की असंच होणार. म्हणजे त्या खात्यातला प्रत्येक रुपया आजच कुणाच्या तरी नावावर लागलेला आहे. घरमालकाने सिमेंट-सळईसाठी दिलेले पैसे गवंड्याने मोटरसायकलीत घातले, तर स्लॅबच्या दिवशी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा स्लॅब डिसेंबरात आहे. ड्रोनवाला पैसे मागेल तेव्हा तुम्ही मार्चच्या लग्नाचा ॲडव्हान्स उचलून त्याला द्याल. मार्चमध्ये मेचा उचलाल. मग आषाढी एकादशी येईल, कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, नवे ॲडव्हान्स आटतील आणि त्या चार महिन्यांत कळेल की खड्डा केवढा आहे. शिवाय एखादं लग्न मोडलं किंवा घरात सुतक आलं, तर ॲडव्हान्स परत मागायला लोक दारात येतात. तेव्हा त्यांना ग्राफिक्स कार्ड दाखवून चालत नाही.

आजच्या आज वेगळं बचत खातं उघडा. ॲडव्हान्स तिथेच जाऊ दे. ज्या लग्नाचा खर्च, तेवढेच पैसे त्यातून काढा. हल्ली बहुतेक पार्ट्या यूपीआय करतात, त्यामुळे पावतीवर त्या खात्याचा क्यूआर छापला की काम झालं. व्याज फार मिळणार नाही, पण हे खातं व्याजासाठी नाहीच.

आता खरी कमाई किती ते बघू. १९ लग्नं, ११ लाख ४० हजार. निम्मा खर्च गेला की ५ लाख ७० हजार. भाडं आणि कॅमेऱ्याचा हप्ता मिळून वर्षाला दोन लाख. उरले साडेतीन लाखांच्या थोडे वर, महिना ३० हजार. त्यातले महिन्याला पाच हजार पॉलिसी खाते. घरात येतात २५ हजार. २ लाख ३५ हजारांचं कोटेशन म्हणजे तुमच्या घराचा नऊ महिन्यांचा खर्च.

यावर तुमचं उत्तर तयार आहे: ऑर्डरी १९ वरून ३० होतील. कशा होतील? लग्न मुहूर्तावर लागतं, तुमच्या प्रोसेसरवर नाही. दाट तिथीला फलटण, बारामती, अकलूज अशी एकाच दिवशी तीन लग्नं असतात आणि तुम्ही एकटेच असता. ऑर्डर जाते ती तारीख मोकळी नसल्यामुळे; तुमच्याकडे रॅम किती आहे म्हणून कुणी वरपिता परत गेलेला नाही. तीस लग्नं करायची तर दुसरी टीम हवी, दुसरा कॅमेरा हवा आणि तुमच्या नावावर दुसऱ्याने काढलेले फोटो लोकांना पटायला हवेत. तो धंदा वाढवण्याचा वेगळा निर्णय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहा. नव्या मशीनने तुमच्या रात्री वाचतील, पाठ वाचेल, कदाचित अल्बम लवकर जातील. एवढ्यासाठी मशीन घेणं मला मान्य आहे. फक्त त्यापुढे जास्तीच्या अकरा लग्नांचं उत्पन्न मांडू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून टाकलेल्या दीड लाखांवर मात्र मी थांबलो. नवा कॉम्प्युटर जवळजवळ त्यातच येतो आणि तो सात घरांत अडकलेला आहे. फोटोग्राफरांचे हिशेब पाहताना एक गोष्ट सारखी दिसते: अल्बम एडिटिंगपायी रखडतो कमी आणि सिलेक्शनपायी जास्त. तुम्ही तीन हजार फोटोंचा पेन ड्राइव्ह देता, नवरा-नवरी त्यातले दीडशे निवडायला सहा महिने लावतात, मग त्यांना बाळ होतं आणि अल्बमचा विषयच संपतो. तुमची शेवटची रक्कम त्या दीडशे फोटोंना बांधलेली. असा व्यवहार लिहून घेतलात कशाला? पुढच्या ऑर्डरीपासून पन्नास टक्के बुकिंगला, चाळीस टक्के हळदीच्या दिवशी, दहा टक्के अल्बम छपाईला जाण्याआधी. महिन्याभरात सिलेक्शन आलं नाही तर फोटो तुम्ही निवडणार, हे पावतीवर छापा. जुन्या सातांना आज मेसेज करा: पंधरा दिवसांत निवडा, नाहीतर मी निवडतो. सगळे देणार नाहीत. पाच जणांनी दिले तरी लाखभर रुपये सुटतील, आणि तेही चिपळूणच्या मावशीला अल्बम पाठवायचाय म्हणून का होईना, दिवाळीच्या आसपास.

ईएमआयचं दोन ओळींत. रोखीने २ लाख १८ हजार, हप्त्याने २ लाख ३५ हजार, मग 'नो कॉस्ट' कुठे राहिलं? हे वरचे १७ हजार म्हणजे, मुद्दल दर महिन्याला फिटत जातं हे धरलं तर, वर्षाला चौदा टक्क्यांचं व्याज, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना ऐकवलं होतं. शिवाय महिना साडेएकोणीस हजारांचा हप्ता चातुर्मासात कुठून आणणार?

पॉलिसी. कर्ज पास व्हायला ती घ्यावीच लागते असं तुम्हाला सांगितलं असेल, तर ते खोटं होतं. कर्जाबरोबर अशी पॉलिसी सक्तीची करता येत नाही. तुम्ही जोडलेला कागद पाहिला. वीस वर्षं ६० हजार भरायचे, शेवटी २१ लाख मिळायचे. आकडा दणदणीत दिसतो, पण परतावा पाच टक्के. विमा किती? ६ लाख. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घर जेमतेम दोन वर्षं चालेल. ज्या माणसाच्या एकट्याच्या जिवावर घर उभं आहे, त्याला वर्षाला ६० हजार घेऊन ६ लाखांचं छत्र विकणाऱ्या अधिकाऱ्याचं टार्गेट पूर्ण झालं, दुसरं काही झालं नाही. आणि आता त्याच पॉलिसीवर साडेनऊ-दहा टक्क्यांनी कर्ज? स्वतःचे पैसे पाच टक्क्यांनी ठेवायचे आणि तेच दहा टक्क्यांनी उसने घ्यायचे. बरं, मिळणार किती, तर सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मधेच मोडली तर हातात येणाऱ्या रकमेच्या) ऐंशी-नव्वद टक्के, म्हणजे लाखभर.

भरलेत २ लाख ४० हजार, आज सरेंडर केलीत तर मिळतात सव्वा लाख. पोटात गोळा येतो, मान्य. पेड-अप करून ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी तशीच राहू दिली, तर सोळा वर्षांनी अडीच लाख. तोच सव्वा लाख पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी सोळा वर्षांत पावणेचार लाख होतो. त्यामुळे पेड-अप बाद. सरेंडर करून पुढचे ६० हजारही दरवर्षी पीपीएफमध्ये टाकलेत तर सोळा वर्षांनी साडेएकवीस-बावीस लाख, म्हणजे जवळजवळ पॉलिसीएवढेच. तेव्हा सरेंडर केल्याने तुम्ही श्रीमंत होणार नाही, झालेलं नुकसान झालेलं आहे. तरी मी सरेंडरच सांगेन. १ कोटीचा टर्म विमा (बचत नाही, फक्त जिवाचं छत्र) तुमच्या वयाला वर्षाला १२ ते १५ हजारांत मिळतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. उरलेले ४५ हजार तुमच्या हातात राहतात आणि वाईट वर्षी ते न भरण्याची मुभाही राहते. पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपये टाकूनही खातं चालू राहतं. पॉलिसीचा हप्ता असं ऐकून घेत नाही.

दुकानदाराने टॅक्स वाचेल असंही सांगितलंय म्हणे. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, जीएसटी नोंदणी नाही, तेव्हा बिलावरचे अठरा टक्के परत येत नाहीत. आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकरच लागत नाही. जो भरायचाच नाही तो वाचवायचा कसा?

आता मशीन. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनं फेकून द्या, हा सल्लाही तुम्हाला मिळालेला दिसतो. आठव्या जनरेशनचा आय-५ विंडोज ११ च्या यादीत आहे. बायॉसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) चालू करावं लागतं, एवढंच. या सीझनला त्याच मशीनमध्ये एक टीबीची एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम घाला. पंधरा-वीस हजार जातील, ते जुन्या येण्यातून आलेल्या पहिल्या पैशांतून द्या. विंडोज, लाइटरूमचा कॅटलॉग आणि चालू लग्नाचे फोटो एसएसडीवर ठेवा, रात्री स्मार्ट प्रिव्ह्यू (फोटोंच्या हलक्या प्रती) बनवायला लावा आणि एडिटिंग त्यावरच करायची सेटिंग चालू करा. तुमचा निम्मा त्रास हार्ड डिस्कचा आहे.

नवं घ्याल तेव्हा मधल्या फळीतला आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं मध्यम ग्राफिक्स कार्ड पुरे. लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतं. जुन्या कार्डावर एका फोटोला मिनिटं लागतात, आजच्या मध्यम कार्डावर सेकंद. पण मध्यम आणि महागातला फरक चोवीस मेगापिक्सेलच्या लग्नात तुम्हाला जाणवणार नाही. ६४ जीबी रॅम तर आत्ता मुळीच नको. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या अखेरीपासून, रॅमचे भाव चढलेले आहेत. एक स्लॉट रिकामा ठेवायला सांगा, स्वस्त झाली की घाला. लिक्विड कूलर आणि रंगीत दिव्यांचा कॅबिनेट काढून ते पैसे मॉनिटरमध्ये घाला. कोटेशनमधला मॉनिटर गेम खेळणाऱ्या पोरांचा आहे. तुम्हाला २७ इंची, आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी या ठरलेल्या पट्ट्यातले सगळे रंग नीट दाखवणारा हवा, नाहीतर शालू स्क्रीनवर मोरपंखी आणि अल्बममध्ये निळा. सगळं मिळून १ लाख ४० हजारांच्या आसपास बसेल.

मॅक मिनी वाईट नाही. एम-४ चा साधा मॉडेल २०२४ मध्ये ५९,९०० ला आला तेव्हा मीही कान टवकारले होते. पण त्यात साठवण २५६ जीबी, रॅम मागाहून वाढवता येत नाही आणि तुम्ही अल्बम डिझाइनला जे सॉफ्टवेअर वापरता ते विंडोजवरचं. फक्त फोटो एडिट करणाऱ्याला तो घे म्हटलं असतं.

कोटेशनमध्ये नसलेली आणि तुम्हीही न विचारलेली एक गोष्ट: बॅकअप. पत्रावरून दिसतं की सगळी लग्नं एकाच हार्ड डिस्कवर आहेत. एका लग्नाचे रॉ फोटो शंभर जीबीच्या आसपास, वर्षाचे दोन टीबी. ती डिस्क बसली तर वर मांडलेला सगळा हिशेब शून्य; हळद पुन्हा लावता येत नाही आणि ग्राहक आयोगात तुमच्याकडे बोलायला काही नसतं. चार टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या, एक स्टुडिओत, एक घरी. अल्बम जाऊन पैसे मिळेपर्यंत कार्डं आणि डिस्क यांतलं काही पुसायचं नाही. हा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या आधीचा.

क्रम असा ठेवा. दिवाळीपर्यंत वसुली, एसएसडी आणि बॅकअपच्या डिस्क. अकरा लग्नांतल्या प्रत्येकाचा खर्च भागून जे उरेल ते आणि वसुलीतलं शिल्लक मिळून फेब्रुवारीत नवं मशीन, रोखीने. पॉलिसीचा पुढचा हप्ता जानेवारीत आहे, म्हणजे टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात जायला हवा. विमा कंपनी आयकर रिटर्नच्या प्रती मागेल. कर लागत नाही म्हणून रिटर्न भरलं नसेल तर आधी ते भरा. तंबाखू असेल तर अर्जात लिहा, हप्ता वाढेल पण त्यापायी क्लेम अडकणार नाही. आणि टर्म पॉलिसीचा कागद हातात पडेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका, बँकेतून कुणी कितीही चहा पाजला तरी.