गोरोगोरो नेमकं कुठे वापरायचं? जपानी नादशब्दांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी जपानी शिकतेय, डिसेंबरला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन थ्री ही मधली पातळी देणार आहे. किराकिरा, गोरोगोरो, सारासारा असल्या शब्दांची वहीभर यादी केलीय, पाठही होते, पण दोन दिवसात सगळं एकमेकात मिसळतं आणि बोलताना तर एकही शब्द तोंडात येत नाही. काय करू? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी ती यादी बाजूला ठेव. २००७ साली जपानमध्ये फक्त या शब्दांचा एक कोश निघाला, त्यात ४५०० शब्द आहेत, म्हणजे पाठ करून संपणारी ही गोष्टच नाही. आणि त्यातले सगळे काही आवाज नसतात. खऱ्या आवाजाची नक्कल केली तर ते गिओन्गो, म्हणजे कुत्र्याचं वानवान, पावसाचं झाझा. पण चमकणं, मऊपणा, मनाची धडधड असल्या आवाज नसलेल्या गोष्टींनाही शब्द आहेत, ते गिताइगो, आणि आपली खरी दांडी उडते ती तिथे.

आता एक गोष्ट नीट बघ. पहिलं अक्षर क, स, त असलं की वस्तू लहान, हलकी, स्वच्छ वाटते आणि तेच ग, झ, द झालं की मोठी, जड, खरखरीत, बरेचदा नकोशी. कोरोकोरो म्हणजे छोटा खडा घरंगळतो तसं, गोरोगोरो म्हणजे मोठा धोंडा. चांदण्या किराकिरा चमकतात पण डोळ्यावर येणारं भर उन्हाळ्यातलं ऊन गिरागिरा. केस सारासारा असले की कौतुक, हात झाराझारा झाले की क्रीम लावायची वेळ. दारावर तोनतोन म्हणजे हलकी टकटक आणि दोनदोन म्हणजे कोणीतरी दार बडवतंय. हा काही शंभर टक्के नियम नाही पण नवीन शब्द समोर आला तर निम्मा अंदाज यातूनच येतो.

दुसरं म्हणजे शब्द एकटा शिकूच नकोस, ज्याच्याबद्दल आहे ती वस्तू आणि क्रियापद धरून शीक. गोरोगोरोच घे. ढगांचा गोरोगोरो, मांजर खूश होऊन घशातून करतं तोही गोरोगोरो, पोटात होतं ते गोरोगोरो, डोळ्यात कचरा गेला की डोळा गोरोगोरो करतो, आणि रविवारी घरी नुसतं लोळत पडलं तर ‘इए दे गोरोगोरो सुरु’ (इए दे म्हणजे घरी, सुरु म्हणजे करणे). पाच अर्थ पाठ करायला गेलीस की गोंधळ होणारच, पण पाच छोटी वाक्यं म्हणून बसवलीस तर एकही चुकणार नाही. आणि आपल्याला हे नवीन कुठेय, मराठीत ढगही गडगडतात आणि डोंगरावरचा दगडही गडगडत खाली येतो, आपण कधी त्याचे दोन अर्थ म्हणून पाठ केलेत का?

उच्चाराचंही एक आहे, वर्गात हे फारसं सांगत नाहीत. नादशब्दाला मागून ‘तो’ किंवा ‘सुरु’ हे जपानी शब्द लागले की साधारणपणे पहिल्या अक्षरावर आवाज चढतो आणि मग उतरतो, आणि ‘नि’ किंवा ‘दा’ लागून वस्तूची अवस्था सांगायची असेल तर शब्द सपाट जातो. रेकॉर्डिंग ऐकताना यावर कान ठेव.

प्रश्न : आम्ही सध्या योकोहामाला राहतो. क्लिनिकमध्ये ‘इताई’, म्हणजे दुखतंय, म्हटलं की डॉक्टर विचारतात कसं दुखतंय, झुकिझुकि का चिकुचिकु, आणि मी नुसती बघत राहते. लहान मुलगा आहे, त्याच्या वेळी तर फार घाबरायला होतं. – एक आई

उत्तर : ताई, अजिबात घाबरू नका, इथे तर मराठी माणसाला अर्धं काम आयतंच मिळतं कारण आपणही दुखणं असंच सांगतो. दात किंवा डोकं ठसठसतंय, ठणकतंय, नाडीबरोबर कळ मारतंय, तर झुकिझुकि. डोक्यात घण घातल्यासारखं असेल तर गानगान. सुई टोचल्यासारखं, चिकुचिकु. भाजल्यावर किंवा खरचटल्यावर चुरचुरतं ते हिरिहिरि. मळमळतंय तर मुकामुका, घसा खवखवतोय तर इगाइगा, ताप यायच्या आधी अंगावर शहारे येतात ते झोकुझोकु.

पोटाच्या बाबतीत मात्र नीट सांगा. पिळवटून तीव्र कळ येतेय तर किरिकिरि, आणि बारीक बारीक सतत दुखत राहिलंय तर शिकुशिकु, डॉक्टर पुढचा विचार त्यावरून सुरू करतात. (मूल मुसमुसत रडतं त्यालाही शिकुशिकुच म्हणतात, पण वाक्यात पोट आलं की घोटाळा होत नाही.) वाक्य सोपंय, ‘आतामा गा झुकिझुकि शिमासु’ (डोकं ठणकतंय), म्हणजे अवयव, ‘गा’, नादशब्द, ‘शिमासु’, बास. एका कागदावर देवनागरीत लिहून पर्समध्ये ठेवा, आणि मुलाचं दुखणं आधी मराठीत स्वतःशी बोलून बघा, ठणकतंय का चुरचुरतंय, की जपानी शब्द आपोआप निवडला जाईल.

प्रश्न : जपानी क्लायंटबरोबर काम करतो. बोलताना ते हे शब्द खूप वापरतात, मग मीही ईमेलमध्ये वापरले तर चालेल का? – एक इंजिनिअर

उत्तर : बोलताना वापरा, रिपोर्टमध्ये जपून. डेडलाइनला अगदी टेकलोय हे सांगायला गिरिगिरि ऑफिसात सर्रास चालतं. पण रिपोर्टमध्ये विक्री ‘दोनदोन’ (इथे अर्थ झपाट्याने) वाढली असं लिहिलं तर बोली वाटतं, तिथे क्यूसोकु नि, म्हणजे वेगाने, हेच बरं. मात्र युक्कुरि (सावकाश), हाक्किरि (स्पष्ट), शिक्कारि (नीट, पक्कं) हे ‘रि’ने संपणारे शब्द भाषेत इतके मुरलेत की कुठेही खटकत नाहीत, हॉटेलात जेवण वाढून वेटर ‘गोयुक्कुरि दोओझो’, म्हणजे सावकाश होऊ द्या, म्हणतो, आदराचा ‘गो’ लावून!

माणसाबद्दल बोलताना जास्त काळजी घ्या. निकोनिको म्हणजे प्रसन्न हसरा, निया निया म्हणजे मनात काहीतरी ठेवून कुत्सित हसणं, साहेबांबद्दल दुसरा शब्द गेला तर पंचाईत. जिरोजिरो बघणं म्हणजे टक लावून, तेही वाईटच. तुम्हाला कोणी जपानी पेरापेरा आहे म्हणालं तर ती स्तुती आहे, पण पेरापेरा कापड म्हणजे पातळ, कमअस्सल. आणि कुत्र्याला वानवान, गाडीला बूबू हे लहान मुलांशी बोलायचे शब्द आहेत, मीटिंगमध्ये इनु आणि कुरुमाच म्हणा. स्वतः नवे शब्द बनवायचा मोह टाळा, मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, चित्रकारांना ते शोभतं कारण शेजारी चित्र असतं.

प्रश्न : जपानी रेसिपीत कोतोकोतो, गुत्सुगुत्सु असं लिहिलेलं असतं, ते नुसतं सजावटीला का? – एक सुगरण, ठाणे

उत्तर : नाही हो, ती गॅस किती ठेवायचा याची सूचना आहे! कोतोकोतो म्हणजे मंद आचेवर हळूहळू शिजू द्या, गुत्सुगुत्सु म्हणजे चांगली खळखळून उकळी हवी. तेम्पुरा (जपानी भजी) साकुसाकु म्हणजे खुसखुशीत झाला पाहिजे, नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा) पारिपारि म्हणजे कुरकुरीत, रताळं होकुहोकु म्हणजे वाफाळतं आणि आतून पिठूळ. मायक्रोवेव्हची घंटी ‘चिन’ वाजते त्यावरून तर ‘चिन सुरु’ हे क्रियापदच झालंय, कालचा भात गरम करायचा तर तो चिन करायचा.