ग्वाल्हेरजवळ मोठी भातशेती बघायची तर केव्हा आणि कुठे जावं?

पुण्याहून तुमची ग्वाल्हेरला बदली झालीय, पाचवीतल्या लेकीला ‘खरीखुरी मोठी भातशेती’ दाखवायचीय, आणि जुलैत जावं की थांबावं असं तुम्ही विचारलंय. थांबा. ऑक्टोबरचा शेवट नाहीतर नोव्हेंबरचा पहिला आठवडा गाठा, आणि नुसतं शेत बघून परतू नका, जवळच्या डबऱ्याची धान्याची मंडीही बघा.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, चार पिढ्या इथेच. आजोळ मात्र रत्नागिरीकडचं. त्यामुळे भात म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लहान लहान खाचरं, तरवा, आणि इरली घेऊन वाकलेल्या बायका. पहिल्यांदा भितरवारकडे एका सरदारजींच्या शेतावर गेलो तेव्हा मी चक्क बांध शोधत होतो. दोनशे बिघे! आमच्याकडे साधारण पाच बिघ्यांचा एक हेक्टर होतो, म्हणजे चाळीसेक हेक्टर. लेझर लेव्हलर फिरवून जमीन ताटासारखी सपाट केलेली. अर्थात सगळी काही त्यांच्या एकट्याच्या नावावर नव्हती. भावाभावांची मिळून थोडी, बाकी ठेक्याने घेतलेली.

आमच्या या रखरखीत मुलखात एवढं भात पिकतं ते हरसीमुळे. पार्वती नदीवरचं हे मातीचं धरण शिंद्यांच्या काळातलं. त्याच्या कालव्यांवर आणि आता बोअरवर डबरा-भितरवारचा पट्टा उभा आहे. या भागात पंजाबी शेतकरी बरेच स्थायिक झालेत, त्यामुळे शेतावर गेलात तर चहाऐवजी लस्सीचा पेला हातात येण्याचीच शक्यता जास्त.

जुलैत चिखलणी आणि लावणी असते. लांबून छान दिसतं, पण आत पाय टाकलात की संपलं. माझी एक चप्पल अजून तिथेच कुठेतरी आहे. लेक पंधरा मिनिटांत कंटाळेल.

कापणीच्या वेळी मात्र कंबाइन चालताना दिसतं. समोरून उभं पीक गिळत येतं, पोटातच मळणी करतं, पेंढा मागे टाकतं, आणि टाकी भरली की सोंडेतून धान ट्रॉलीत ओततं. सरदारजींनी ट्रॉलीतलं मूठभर धान घेतलं, तळहातावर चोळून फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, “अभी गीला है.” सुका दाणा कट्‌ असा तुटतो, ओला नुसता चेपतो. मग त्यांनी तीन तांदूळ टोकाला टोक लावून माझ्या वहीवर ठेवले. जवळजवळ एक इंच भरले! ही बासमतीची पुसा 1121 जात. कच्चा दाणा आठ मिलिमीटरच्या वर, शिजला की वीस मिलिमीटरपर्यंत जातो. एवढा लांब दाणा मशिनात तुटतोही, म्हणून हाताने कापलेल्या मालाला मंडीत भाव थोडा चढा मिळतो. हे लेकीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

मंडीत धानाचे ढीग लागलेले असतात आणि लिलाव ढिगा-ढिगाने पुढे सरकतो. व्यापारी हात घालून दाणे चोळतात, बोली चढते, आणि एका ढिगाचा निकाल मिनिटाभरात लागतो. इथे एक अवघड जागेचं दुखणं आहे. बासमतीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश वगैरे आहेत, मध्य प्रदेश नाही. बियाणं तेच, दाणा तोच, पण नाव लावायचं नाही. बराचसा माल हरियाणा-दिल्लीकडच्या मिलवाल्यांकडे जातो. पुढे त्याचं काय होतं, हे तुम्ही मंडीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, अर्धा तास सुटका नाही.

वाटेत काही शेतं काळीठिक्कर दिसतील. गव्हाच्या पेरणीला दिवस कमी उरतात, म्हणून पराळी, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला पेंढा, पेटवतात. बंदी आहे, तरी. लेक विचारणारच, तेव्हा सरळ सांगून टाका.

आता कामाचं. डबरा झाशीच्या रस्त्यावर, पंचेचाळीसेक किलोमीटर. झाशीकडची पॅसेंजरही थांबते. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कंबाइनच्या धुरळ्यात उभे राहिलात तर रात्रभर अंग खाजतं, अनुभवाने सांगतो. ओळखीशिवाय शेतात घुसू नका. मंडीतल्या एखाद्या अडत्याला (दलालाला) विचारलंत तर तो कुणालातरी फोन लावून देतो. दिवाळीत मंडी काही दिवस बंद असते, ते आधी विचारून घ्या. आणि वेळ उरला तर येताना पवायाला वळा. सिंध-पार्वतीच्या संगमावरची जुनी पद्मावती ती हीच, आपल्या विदर्भातल्या भवभूतीने नाटकात रंगवलेली. तिथे गर्दी अजिबात नसते, डबा खायला उत्तम जागा.