‘सेवा करायचीय’ हे कारण पुरतं का?

तू लिहिलंयस की बारावीत आहेस, नीटची तयारी चालू आहे. ‘डॉक्टर होऊन गावाकडच्या लोकांची सेवा करायचीय’ म्हटलं की घरचे म्हणतात, सगळे आधी असंच बोलतात. आता तुलाच शंका येतेय, ही ओढ आपली की ऐकीव.

ऐकीव असली तरी बिघडत नाही. मीही शाळेत हेमलकशातल्या डॉ. प्रकाश आमटेंच्या दवाखान्याबद्दल ऐकूनच या वाटेला लागलो. आज बावीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय.

इंटर्नशिपला प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. एक आजी आल्या. साखरेचा आजार, पायाच्या बोटाला जखम, वर लुगड्याची चिंधी हळदीसकट घट्ट चिकटलेली. ओढली असती तर कातडी निघाली असती. सलाइन टाकत टाकत ती सुटायला पाऊण तास लागला. वास सुटला होता. आजी मात्र सुनेच्या बाळंतपणाचं सांगत बसल्या होत्या. पुढे दीड महिना एक दिवसाआड तेच ड्रेसिंग. बोट वाचलं. सेवा म्हणतात ती मला तरी एवढीच माहीत आहे, आणि ती करताना मी कधी कंटाळलो नाही असं नाही.

पण नुसत्या कळवळ्यानं ते बोट वाचलं नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी काय केलं बघ. दवाखाना दूर, आणि तान्ही बाळं न्यूमोनियानं, जंतुसंसर्गानं दगावत होती. त्यांनी गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले की धोका. साठपर्यंत मोजणं जड जाई, म्हणून मण्यांचं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घरोघर बाळं तपासली, नोंदी ठेवल्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्यामागे हे काम आहे.

मेळघाटात बैरागडला गेलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांनाही आपलं शिक्षण अपुरं पडतंय हे जाणवलं. ते परतले, एमडी केलं आणि पुन्हा तिथंच गेले. तेव्हा अभ्यास एकीकडे आणि सेवा दुसरीकडे असं मनात धरू नकोस. आज जे फिजिओलॉजी शिकायला तू धडपडतोयस, ते त्या बाळाच्या श्वासासाठीच आहे.

परीक्षा झाली की जवळच्या आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढ आणि आठवडाभर ओपीडीच्या कोपऱ्यात बस. बाळंतिणीच्या घरचे हो म्हणाले तर आशाताईंबरोबर एक गृहभेटही कर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोच खोकला आणि तीच कंबरदुखी ऐकून झाल्यावर, पुढच्या माणसाचं नाव पुकारलं की तू मान वर करून बघतोस का, तेवढं पाहा.