संरक्षणशास्त्रात एम.ए. करतोय, घरची परिस्थिती बेताची आहे. शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक कुठे मिळतील?

आधी पैशाचं. मोठा आधार म्हणजे यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकपद आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा. 'संरक्षण व सामरिक अध्ययन' हा त्यात स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली की पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. स्वयंसेवी गटांच्या शिष्यवृत्त्या सहसा लहान असतात, सदस्यांनी खिशातून काढलेल्या. त्यातून एखाद्या परिषदेचं तिकीट निघतं, वर्षाची फी नाही. तरी अर्ज जरूर करा, कारण त्यातून ओळखी होतात.

मार्गदर्शकाच्या बाबतीत पुण्याच्या आसपास असाल तर तुम्ही नशीबवान आहात. इथे निवृत्त अधिकारी गल्लोगल्ली आहेत आणि बरेच जण मनापासून वेळ देतात. माझा पहिला निबंध एका निवृत्त कर्नलसाहेबांनी वाचला होता. समासात लाल पेन्सिलीने एकच प्रश्न अकरा ठिकाणी: 'हे कशावरून?' त्या दोन तासांत जे शिकलो ते दोन सत्रांत शिकलो नव्हतो. एक पैसा घेतला नाही त्यांनी.

फक्त 'सर, मार्गदर्शन करा' असा मेसेज पाठवू नका. दोन पानांचा मसुदा आणि एक नेमका प्रश्न पाठवा, उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संस्थेतल्या (संरक्षणविषयक संशोधन करणारी संस्था) इंटर्नशिपवरही लक्ष ठेवा.

अमेरिकेतल्या योजना बघत असाल तर आधी नागरिकत्वाची अट वाचा. सरकारी सुरक्षाक्षेत्रातल्या बहुतेक जागा तिथल्या नागरिकांनाच असतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'विमेन इन इंटरनॅशनल सिक्युरिटी'सारख्या, सुरक्षाक्षेत्रातल्या महिलांसाठीच्या संस्थांचं काम मात्र मुलींनी अवश्य बघावं.